लाल दाबलं की हिरवं

एप्रिलातला शनिवार, दारापुढच्या सिमेंटवर अजून गारठा.
वेंडेल ट्रेलरखाली, फ्रिजच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर उताणा.
बाहेर फक्त बूट.
टॉर्च मी धरलाय. कुठे धरलाय ते मला विचारू नये.
"डावीकडे, रोएना." नेते डावीकडे.
"तुझ्या नव्हे, माझ्या."
त्रेचाळीस वर्षांत या दोन डाव्या बाजू काही जुळल्या नाहीत.

माझ्या नजरेच्या मधोमध एक डाग येऊन बसलाय.
डॉक्टरीणबाईंनी त्याचं लांबलचक नाव सांगितलं,
मी ते तिथेच ठेवून आले.
ज्याच्याकडे पाहावं ते जातं,
ज्याच्याकडे पाहत नाही ते राहतं.
ताटातले मटार दिसत नाहीत, ताटाची कड दिसते.

चौकटीवर मागच्या वर्षीचा वाळका चिखल.
तो स्पिरिटने पुसतो, दिव्यांची पट्टी चिकटवतो,
थंडीत गोंद रुसतो,
दहा मिनिटांत पट्टी त्याच्या छातीवर.
मग प्लॅस्टिकचे बंद, वीतभर अंतरावर एकेक,
आणि प्रत्येक बंदाला एक शिवी, हलक्या आवाजात.

समोरून ऑगी ओरडला, "काय रे, कॅसिनो काढतोस?"
वेंडेल म्हणाला, "पिवळ्या उजेडाला डास कमी येतात."
डासांबद्दल हा माणूस जन्मात पहिल्यांदा बोलला.

मागच्या ऑगस्टची गोष्ट त्याने कुणाला सांगितली नाही,
म्हणून मीच सांगते.
तळ्याकाठचा मुक्काम, रात्रीचे अकरा,
नहाणीघरातून परतताना मी पावलं मोजत होते, एकशे बारा.
मध्येच कुणाचा कुत्रा आला नि आकडा सांडला.
पांढरी पेटी, तीन पायऱ्या, दार उघडं.
आत गेले, पलंगावर टेकले, चपला काढल्या,
म्हटलं, "सरक जरा."
जो सरकला तो वेंडेल नव्हता.
पण सरकला बिचारा.

मी दोन दिवस हसत होते.
वेंडेल हसला नाही. डिसेंबरात टपालाने एक खोकं आलं.

तर संध्याकाळपर्यंत चारही तारा जोडून झाल्या.
तीस वर्षं धान्याच्या कोठारात मोटारी जोडणारा हा माणूस,
त्याने लाल दाबलं. हिरवं लागलं.
हिरवं दाबलं. लाल.
निळं मात्र निळंच.
"उलटं जोडलंस," मी म्हटलं.
पुठ्ठ्यावरून बराच वेळ काही नाही.
मग, "आता लक्षात ठेव."

जूनमध्ये पुन्हा तेच तळं. कॉटनवुडचा कापूस उडत होता.
साडेनऊला पलीकडच्या तंबूतली मुलगी आली,
थिया नाव, शाळेत विज्ञान शिकवते,
दुर्बीण लावून बसली होती.
राग मानू नका, म्हणाली, लाल करता येईल का?
लाल उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे बिघडत नाहीत.
वेंडेलने तत्परतेने लाल दाबलं.
अख्खी मुलगी हिरवी. दोन्ही हात डोळ्यांवर.
"हिरवं दाब, वेंडेल!" मी खुर्चीतून,
आणि ती कापलेल्या हातांमागून, "नको, हिरवं नको!"
बराच वेळ असं चाललं.

मग तिने मला दुर्बिणीपाशी नेलं.
मी डोळा लावला. मध्ये नेहमीचं काहीच नाही.
ती म्हणाली, सरळ बघू नका.
फिकट गोष्ट सरळ बघितली की विझते,
जरा बाजूला बघायचं, मग ती येते.
म्हटलं, पोरी, मी दिवसभर दुसरं करते काय?
आणि बाजूला पाहिलं.
पिंजलेल्या कापसाएवढं काहीतरी होतं तिथे. खरंच होतं.

परतताना पावलं मोजली नाहीत.
घोट्याएवढ्या उंचीवर लाल रेघ, गवत पेटल्यासारखं,
आणि रेघेच्या अलीकडे वेंडेल उभा.
तोंड दिसत नाही त्याचं, दोन वर्षं झाली.
बूट दिसतात.
लेस सुटलेली होती एक.
ती सांगितली, तेव्हा तो खाली वाकला.